मुलीला रेस्पिरेटरी थेरपीला घालू का?

प्रश्न हडपसरच्या एका वडिलांचा आहे. मुलगी बारावी सायन्स, पीसीबीला ६८ टक्के. नीटमध्ये एमबीबीएसला पुरतील इतके मार्क पडले नाहीत. मामाने रेस्पिरेटरी थेरपी, म्हणजे श्वासाच्या उपचारांचं शिक्षण, सुचवलं. वडील विचारतात: हे नेमकं कोण, डॉक्टर, नर्स की टेक्निशियन? नोकरी लागते का? पगार किती? मुलीच्या जातीला रात्रपाळी झेपेल का? आणि घराजवळच्या एका संस्थेत 'आयसीयू-व्हेंटिलेटर'चा सहा महिन्यांचा कोर्स आहे, शंभर टक्के नोकरी म्हणतात, तेवढा करून भागेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथे तुमचे पैसे अडकायची भीती आहे. नाही भागणार. २०२१ साली संसदेने अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आहे. या कायद्याप्रमाणे अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत मिळून किमान २००० तासांचं शिक्षण लागतं. हेल्थकेअर प्रोफेशनल व्हायचं तर तीन ते सहा वर्षांची, किमान ३६०० तासांची पदवी. आता सहा महिने घ्या, रोज आठ तास धरा, रविवारीही सुट्टी देऊ नका; तरी १४४० तास भरतात. असे कोर्स केलेली मुलं आयसीयूत दिसत नाहीत असं नाही. ती मशीन पुसतात, सर्किट जोडतात, सिलिंडर ढकलतात आणि पाच वर्षांनीही तेच करत असतात. त्यांच्यात चांगली हुशार मुलं असतात म्हणून जास्त वाईट वाटतं.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे हे कोण बोलतंय ते कळेल. मी कराडकडची. बारावीनंतर या विषयाचं नाव मला कळलं ते मणिपालच्या माहितीपत्रकात, आणि घरी वडिलांना पटवताना मी 'ऑक्सिजनचं शिक्षण' असं सांगितलं होतं. आजीला ते हवा भरण्याचं दुकान वाटलं. गेली सोळा वर्षं पुण्यातल्या आयसीयूंमध्ये काम करते. आम्हाला, म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्टना, सगळे आरटी म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

काम काय असतं हे व्याख्येत सांगण्यापेक्षा एक रात्र सांगते. जानेवारी २०२५. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातून जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट एकामागोमाग यायला लागले होते. तुम्ही पुण्यातलेच, तुम्हाला आठवत असेल. घरोघरी पाणी उकळणं चाललं होतं. संशयित पेशंटचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. या आजारात बहुतेकदा आधी पोट बिघडतं, आणि आठ-पंधरा दिवसांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पायातली ताकद जाते, मग हातातली, आणि काहींच्या बाबतीत हे वर चढत छातीपर्यंत येतं.

पंचविशीतला एक मुलगा त्या संध्याकाळी आमच्याकडे आला. पाय उचलत नव्हते, मुठीची पकड सैल. पण बोलत होता, मोबाइलवर मित्राला गाडीची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगत होता. सॅच्युरेशन ९८. आई म्हणाली, "बोलतोय म्हणजे छाती चांगली आहे ना हो?" मी त्याला छातीभर श्वास घ्यायला लावला आणि म्हटलं, आता एका श्वासात आकडे मोज, मध्ये थांबायचं नाही. संध्याकाळी सातला तो सत्तावीसपर्यंत गेला. दहाला एकोणीस. रात्री एकला तेरा, आणि त्यातल्या 'तेरा'चा 'रा' मला ऐकूच आला नाही. सॅच्युरेशन तेव्हाही ९७ होतं.

इथेच लोक फसतात, आणि नुसते नातेवाईक नाही, आमच्यातलेही. बोटाला लावलेलं ते यंत्र रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतं. छातीचा भाता थकत चालला आहे, कार्बन डायऑक्साइड साठायला लागला आहे, हे ते सांगत नाही. ऑक्सिजनची नळी नाकाला असेल तर आकडा अगदी शेवटपर्यंत छान दिसतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून आम्ही मोजतो: पूर्ण श्वास घेऊन किती हवा बाहेर सोडता येते. ती किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली गेली की धोक्याची घंटा. मुलगा ६५ किलोचा, म्हणजे १३०० मिलिलिटर ही त्याची रेषा. रात्री एकला तो १२०० पर्यंत खाली आला होता. आत ओढायचा जोर मोजला, तोही ३० सेंटिमीटरच्या खाली (हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात). मी डॉक्टरांना उठवलं, आकडे सांगितले, आणि दीड वाजता सगळी तयारी करून, आईला समजावून, शांतपणे श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची नळी टाकली. तीच नळी पहाटे साडेचारला, मुलगा निळा पडल्यावर, धावपळीत टाकावी लागली असती तर काय झालं असतं याचा मी विचार करत नाही.

पुढे ट्रॅकी झाली, म्हणजे गळ्याला छिद्र करून नळी. मग रोज थोडा वेळ मशीनवरून काढायचं, थकला की परत लावायचं. आज दहा मिनिटं, उद्या पंचवीस, परवा ताप आला म्हणून शून्य. फेब्रुवारीच्या शेवटी ट्रॅकीवर बोलण्याची झडप बसवली तेव्हा तो पहिला शब्द बोलला, "चहा". चहा त्याला लगेच देता आला नाही, गिळण्याची तपासणी व्हायची होती. आईने मात्र बाहेर जाऊन स्वतः दोन कप प्यायला, असं मला नंतर वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं.

आता तुमचा प्रश्न: डॉक्टर, नर्स की टेक्निशियन? यातलं काहीच नाही आणि रोजच्या कामात तिघांच्या मध्ये. नळी टाकायची की नाही, मशीन लावायचं की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा. चोवीस तास पेशंटचं सगळं बघणं सिस्टरांचं. श्वासाचं जेवढं आहे तेवढं आमचं: मशीन पेशंटला कसं जुळवायचं, रक्तातल्या वायूंची तपासणी म्हणजे एबीजी वाचून काय बदलायचं सुचवायचं, कफ काढणं, नेब्युलायझर, बायपॅपचा, म्हणजे नळी न टाकता श्वासाला आधार देणाऱ्या मशीनचा मास्क, आणि शक्य तितक्या लवकर मशीन सोडवणं. पुण्यात खरी अडचण अशी आहे की मोठ्या हॉस्पिटलांत आरटीचा वेगळा विभाग असतो, तिथे तुमचं ऐकलं जातं. मध्यम आणि छोट्या ठिकाणी हेच काम निवासी डॉक्टर आणि सिस्टर आपसात वाटून घेतात, आणि आरटी ठेवलाच तर पगारपत्रकावर 'टेक्निशियन' लिहितात. मुलीला याचा राग येणार. मला अजून येतो.

लोकांना वाटतं व्हेंटिलेटर लावणं अवघड. लावणं तसं सोपं आहे. काढणं कठीण. रोज सकाळी झोपेचं औषध कमी करायचं, पेशंट जागा झाला की अर्धा तास मशीनचा आधार जवळजवळ काढून बघायचं. एक साधं गणित आहे: मिनिटाला किती श्वास, भागिले एका श्वासात किती लिटर हवा. मिनिटाला २८ श्वास आणि ३५० मिलिलिटर, म्हणजे २८ भागिले ०.३५, उत्तर ८०. १०५ च्या खाली म्हणजे काढायला हरकत नाही, असं पुस्तक सांगतं. पण मी आकड्याआधी मान बघते. मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे ताठ होतायत का, नाकपुड्या फुलतायत का, पेशंट माझ्याकडे बघतोय की छताकडे. ८० आकडा आलेला आणि मानेवर दोऱ्या उभ्या असलेला पेशंट मी काढू दिलेला नाही, आणि एकदा त्यावरून एका कन्सल्टंट सरांशी वाजलंही आहे. दुपारी पेशंट खरंच थकला. सर काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी राउंडला "आज मान काय म्हणते?" एवढं विचारलं.

माझ्या एप्रनच्या खिशात शिंप्याकडे असते तशी कापडी टेप असते, तुळशीबागेतून घेतलेली. नवीन मुलं हसतात. तिचं कारण सांगते. व्हेंटिलेटर एका वेळी किती हवा आत सोडतो ते वजनावरून ठरवतात, पण काट्यावरच्या वजनावरून नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावरून. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. १५२ सेंटिमीटर उंचीची बाई काट्यावर ९० किलो भरली तरी फुप्फुसांच्या हिशेबात ती ४५ किलोचीच. किलोमागे ६ मिलिलिटर धरले तर तिला साधारण २७० द्यायचे. काट्यावरचं वजन धरलं तर ५४० होतात, म्हणजे दुप्पट, आणि आधीच सुजलेल्या फुप्फुसाला फुगा फुगवल्यासारखं ताणलं जातं. २००० साली अमेरिकेत ८६१ पेशंटांवरचा अभ्यास छापून आला: किलोमागे १२ दिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के गेले, ६ दिलेल्यांपैकी ३१ टक्के. औषध तेच, मशीन तेच, फक्त हवा कमी. झोपलेल्या पेशंटची उंची नजरेने कुणालाच कळत नाही. पलंगावर सगळे उंच दिसतात. म्हणून टेप.

चुकाही सांगते, नाहीतर हे जाहिरातीसारखं वाटेल. नोकरीचं दुसरंच वर्ष. एका हॉस्पिटलात एका आजोबांना सीटी स्कॅनला खाली न्यायचं होतं, मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन चालू. छोट्या सिलिंडरवर काटा चाळीसवर होता. मनात म्हटलं, पंधरा मिनिटांचं काम, पुरेल. लिफ्ट यायला वेळ लागला. खाली सीटीला आधीचा पेशंट टेबलावर. सोबतचे वॉर्डबॉय मामा म्हणाले, "मॅडम, सुई लाल झाली." तोपर्यंत मी काट्याकडे बघितलंच नव्हतं, आजोबांकडे आणि लिफ्टच्या दाराकडे बघत होते. सीटीच्या भिंतीवरच्या ऑक्सिजन पॉइंटची पिन आमच्या फ्लो मीटरला बसत नव्हती. मी हाताने श्वास देण्याची अँबूची पिशवी दाबत राहिले आणि मामा जिन्याने धावत जाऊन दुसरा सिलिंडर घेऊन आले. आजोबांना काही झालं नाही. मी मात्र त्या रात्री घरी येऊन जेवले नाही.

तो हिशेब इतका सोपा होता की लाज वाटावी. छोट्या, बी टाइप सिलिंडरमध्ये दहा लिटर पाणी मावतं. काट्यावरचा दाबाचा आकडा (बारमध्ये) गुणिले दहा, म्हणजे आतला ऑक्सिजन लिटरमध्ये. चाळीस गुणिले दहा, चारशे. भागिले पंधरा, जेमतेम सव्वीस मिनिटं. जाऊन, थांबून, स्कॅन करून, परत यायला सव्वीस मिनिटं कधीच पुरत नाहीत. आता मी माझ्या विद्यार्थ्यांना काय येतं ते बघायला सर्वांत आधी हेच गणित घालते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, पुण्यात ऑक्सिजनच्या टँकरची वाट बघत रात्री काढल्या, तेव्हा आम्ही हेच गणित कागदावर सतत मांडत होतो. मोठा सिलिंडर सात हजार लिटरचा, हाय फ्लोवर मिनिटाला साठ लिटर जाणारा एक पेशंट तो दोन तासांत संपवतो. कोणाचा फ्लो पाचने कमी करता येईल, कोणाला पालथं झोपवून बघता येईल, हे ठरवायला तेव्हा वॉर्डात कुणाकडेही वेळ नव्हता, आणि तेच आमचं काम होतं. लोकांना आरटी हा शब्द ऐकायला मिळाला तो कोविडच्या त्या दोन वर्षांत.

हे सगळं ऐकून आयसीयूच डोळ्यांसमोर येईल, पण बाहेरही काम आहे. ओपीडीत फुंकायची तपासणी, म्हणजे पीएफटी. झोपेच्या प्रयोगशाळेत घोरणाऱ्यांची रात्रभर नोंद. नवजात बाळांच्या विभागात सीपॅप, म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देणं, जिथे बोटाएवढ्या बाळाच्या नाकाला न टोचता नळी बसवणं ही वेगळीच कला आहे. घरी बायपॅपवर असलेल्यांकडे भेटी. मशीनच्या कंपन्यांत हॉस्पिटलांना मशीन शिकवणारे लोक लागतात, तिथे पगार बरा आणि रात्रपाळी नसते.

ओपीडीबद्दल एक सांगायलाच हवं. वेल्ह्याकडच्या एक आजी यायच्या, चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या, आयुष्यात विडी-तंबाखू नाही. धूम्रपान न करणाऱ्यांनाही चुलीच्या धुरामुळे सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार होतो, यावर आपल्या पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने बरंच काम केलंय. आजींना औषध बरोबर दिलं होतं, तरी दर महिन्याला दम वाढायचा. मी म्हटलं, घरी घेता तसं मला करून दाखवा. आजींनी पिशवीतून कॅप्सूल काढली, तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या. ओढायच्या औषधाची कॅप्सूल वर्षभर गिळत होत्या. यंत्र? "ते नातू खेळतो." त्यांना ते शिकवायला वीस मिनिटं लागली आणि दर भेटीला पाच मिनिटं परत. या वीस मिनिटांसाठी कुठल्याच डॉक्टरकडे वेळ नसतो, म्हणून आरटी हवा, असं मी व्यवस्थापनाला दरवर्षी सांगते. व्यवस्थापन दरवर्षी मान हलवतं.

पगाराचं स्पष्ट सांगते. माझ्या पाहण्यात पुण्यात नवीन पदवीधराला पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान मिळतात. चार-पाच वर्षांनी, चांगल्या ठिकाणी, पस्तीस-चाळीसपर्यंत जातं. त्यापुढे सरकायचं तर विभागप्रमुख, शिकवणं, कंपनी किंवा परदेश. सरकारी दवाखान्यांत या नावाची पदं मोजकीच. पक्की सरकारी नोकरी एवढंच घराचं उद्दिष्ट असेल तर बी.एस्सी. नर्सिंगला घाला, मनात किंतु ठेवू नका. तिथे जागा कितीतरी जास्त. स्वतःचा दवाखाना टाकायची हौस असेल तर फिजिओथेरपी. आरटी स्वतःची पाटी लावत नाही, त्याला हॉस्पिटल लागतंच.

रात्रपाळी असते, महिन्यात सात-आठ तरी. मुलगी म्हणून झेपेल का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि मी नेहमी उलट विचारते: सिस्टर कोण आहेत मग? प्रश्न झेपण्याचा नाही, रात्री अकराला हडपसरहून पोचायचं कसं, याचा आहे. नोकरी घेताना गाडीची सोय किंवा जवळचं हॉस्टेल आहे का ते विचारा आणि नसेल तर सांगून टाका. लग्नाच्या वेळी स्थळाकडच्यांना मुलगी काय करते हे समजावणं हे वेगळं काम आहे. माझ्या सासूबाईंना सोळा वर्षांत फक्त एवढं कळलंय की कुणाला दम लागला की मला फोन करायचा. तेवढं पुरतं. छातीचे पेशंट म्हणजे टीबीही आला, मास्कचा कंटाळा करणाऱ्या मुलांना मी वॉर्डाबाहेर काढते.

कॉलेजचं. पदवी साधारण चार वर्षांची, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. मणिपाल, वेल्लोरचं सीएमसी, कोचीचं अमृता ही या विषयातली जुनी, नावाजलेली नावं. तिथला खर्च आणि अंतर तुम्ही बघा. पुण्यात किंवा आसपास घालायचं असेल तर माहितीपत्रक घरी ठेवा आणि तिथे जा. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का, की 'टाय-अप' आहे? टाय-अप असेल तर आयसीयूत विद्यार्थ्यांना पलंगापर्यंत जाऊ देतात की काचेबाहेर उभं करतात? शिकवणाऱ्यांमध्ये स्वतः आरटी असलेला एक तरी माणूस आहे का? फिजिओथेरपिस्ट आणि भूलतज्ज्ञ चांगलं शिकवतात, पण रात्री तीनला मशीन का ओरडतंय हे रात्री तीनला तिथे उभ्या राहिलेल्यानेच शिकवावं. प्राचार्यांशी बोलून झालं की कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना चहा पाजा आणि विचारा, तुमचे सीनियर सध्या कुठे आहेत. नावासकट, हॉस्पिटलासकट सांगितलं तर ठीक. "होईल काहीतरी" म्हणाले तर उठा.

आणि पदवीच्या कागदावर काय छापून येणार ते आधी वाचा. 'ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजी', 'क्रिटिकल केअर', 'ओटी' हे शेजारचे विषय आहेत, वाईट नाहीत, पण वेगळे आहेत. नोंदणीच्या वेळी आणि परदेशी अर्ज करताना एकेका शब्दावर अडतं. माझ्या एका मैत्रिणीचे आठ महिने गुणपत्रिकेवर एक नाव आणि पदवीवर दुसरं नाव छापल्यामुळे गेले.

परदेशाचं लोक फार फुगवून सांगतात. आखाती देशांत आपली मुलं जातात: तिथल्या आरोग्य प्राधिकरणाची परीक्षा, कागदपत्रांची मूळ ठिकाणाहून पडताळणी आणि बहुतेकदा दोन वर्षांचा अनुभव. म्हणून इंटर्नशिपनंतर पहिली दोन वर्षं पगारासाठी धरसोड करू नये, एका चांगल्या आयसीयूत काढावीत. अमेरिकेत हा व्यवसाय सगळ्यात मोठा आणि जुना, पण तिथली परीक्षा द्यायला तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकावं लागतं. भारतातली पदवी घेऊन थेट बसता येत नाही. इंग्लंडमध्ये आरटी नावाचा वेगळा व्यवसायच नाही, हे काम फिजिओथेरपिस्ट, नर्स आणि फिजिऑलॉजिस्ट यांच्यात वाटलेलं आहे. 'आरटी करा आणि लंडनला जा' म्हणणाऱ्या एजंटाला एवढंच विचारा, तिथे कुठल्या पदावर. तो विषय बदलेल.

कुणी येऊ नये, तेही सांगते. ज्याला मशीनची आवड आहे आणि माणसांचा कंटाळा आहे, त्याने. स्क्रीनवर सगळं हिरवं असताना पेशंट बिघडतो, आणि स्क्रीन लाल होऊन ओरडत असताना फक्त नळीत पाणी साचलेलं असतं. ज्याला कफाची किळस येते त्याने लगेच घाबरू नये, सगळ्यांनाच येते, महिन्याभरात जाते. पण ज्याला मरण बघवत नाही त्याने आधी नीट विचार करावा. सगळी नळी-मशीन काढून घरच्यांना शेजारी बसवायचं, अशी वेळ येते, आणि ती नळी काढणारे हात बहुतेकदा आमचेच असतात.

तुमच्या मुलीला मी ओळखत नाही, म्हणून हो किंवा नाही म्हणणार नाही. प्रवेशाच्या आधी तिला एक करायला सांगा. शीतपेयाची बारीक स्ट्रॉ घ्यायची, नाक बोटांनी दाबायचं आणि दोन मिनिटं फक्त स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. जमेना तर लगेच सोडायचं, आणि दमा असेल तर हे करायचंच नाही. मग तिला विचारा काय वाटलं. 'घुसमटलं' म्हणाली तर साधं उत्तर. 'आत घेताना त्रास झाला की बाहेर सोडताना जास्त, ते बघत होते' म्हणाली, तर मला कळवा, कुठल्या कॉलेजात आधी जायचं ते मी फोनवर सांगेन.

आणि अकरावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक अजून घरात असेल तर रद्दीत घालू नका. गॅसचे नियम पहिल्याच सेमिस्टरला परत येतात.